बदली सरांविषयी तक्रार करायची असेल तर : कोल्हापुरातील एका शाळेच्या तक्रार व्यवस्थेचे परीक्षण

कोल्हापुरात एखाद्या शाळेविषयी मत विचारले, की दहावीचा निकाल, स्कॉलरशिपला बसणारी मुले, मैदान, रिक्षामामांची सोय आणि देणगी यांच्यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. शिक्षकाच्या वागणुकीबद्दल पालकाला काही सांगायचे असेल तर ते ऐकून घेण्याची व्यवस्था तिथे कशी आहे, हे प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही, आणि विचारलेच तर कार्यालयातून "आमच्याकडे तशी वेळच येत नाही" असे ठरलेले उत्तर मिळते. आमच्या मुलाच्या शाळेत यंदा एका बदली शिक्षकामुळे, म्हणजे रजेवरच्या शिक्षिकेच्या जागी आलेल्या सरांमुळे, ती वेळ आली, आणि अर्ज देण्यापासून निकाल लागेपर्यंतचा सगळा प्रवास मला जवळून पाहता आला. म्हणून येथे शाळेच्या बाकी कशाबद्दल काही न म्हणता केवळ या एका सेवेबद्दल लिहीत आहे. थोडक्यात मत हवे असेल त्यांच्यासाठी सांगतो : ऐकून घेण्याला पाचपैकी साडेचार, चौकशीला साडेतीन, लेखी उत्तराला एक.

शाळा शहरातल्या एका जुन्या पेठेतली, पाचवी ते दहावीची, खाजगी अनुदानित, मराठी माध्यमाची आहे. नाव मुद्दामच देत नाही. ज्या शिक्षकांविषयी हा सगळा प्रकार घडला ते तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, काम करणारे तरुण गृहस्थ आहेत. शाळेचे नाव दिले की त्यांना ओळखायला कुणालाही वेळ लागणार नाही, आणि त्यांच्याविषयीची तक्रार जिथे पोहोचायला हवी होती तिथे ती यापूर्वीच पोहोचलेली आहे.

सहावीच्या वर्गशिक्षिका, ज्या वर्गाला गणितही शिकवतात, दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रसूती रजेवर गेल्या. ही रजा १८० दिवसांची असते, म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण त्यात जाते. त्यांच्या जागी आलेले सर विषयाला पक्के होते, हे आधी नोंदवतो. माझ्या मुलाला गुणोत्तर आणि प्रमाण खऱ्या अर्थाने समजले ते त्यांच्याकडूनच. तक्रार शिकवण्याची नव्हतीच. चाचणीचे गुण मोठ्याने वाचून त्या क्रमाने मुलांना बाकांवर बसवणे, उत्तर चुकले की नावाऐवजी "ढ" म्हणून हाक मारणे, आणि ज्याचे वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला आहेत अशा मुलाला "तुला शेवटी फौंड्रीतच जायचंय, तुला कशाला पाहिजे गणित" असे सगळ्या वर्गासमोर पुन्हा पुन्हा ऐकवणे, या गोष्टींबद्दल ती होती. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या जिवावर ज्या शहरातली हजारो घरे चालतात, तिथल्या शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य यावे याचा राग मला आला तो वेगळाच. साच्यात किती धातू ओतायचा आणि भट्टीत कोणता माल किती टाकायचा याचा हिशेब चुकला तर अख्खा घाणा वाया जातो, हे त्या मुलाच्या वडिलांनी पुढे बैठकीत शांतपणे सांगितले, तेव्हा समोरच्या कुणाकडेच त्यावर उत्तर नव्हते.

"मारलं तर नाही ना?" हा प्रश्न या दिवसांत अनेकांनी विचारला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही स्पष्ट मनाई आहे, आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे हात उगारला नाही म्हणून तक्रार करता येत नाही, ही समजूत निराधार आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू असून पहिली ते आठवीच्या मुलांना तो लागू पडतो, म्हणून आमची सहावी त्यात बसत होती. अर्जात आम्ही या कलमाचा उल्लेख एकाच ओळीत केला. कायद्याच्या कलमांनी भरलेला अर्ज वाचणाऱ्याला धमकीसारखा वाटतो आणि मग त्याचे पुढचे सगळे लक्ष स्वतःच्या बचावाकडे जाते, असे माझे निरीक्षण आहे.

अर्जापर्यंत पोहोचण्याआधी अर्थातच वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळे होऊन गेले होते. कुणी सरांचे गाव विचारत होते, कुणी त्यांना "हाकला" म्हणत होते, आणि एका काकूंनी कळवळ्याने का होईना, त्या मुलाचे नाव घालून "बिचारा" असा संदेश टाकला, जो त्याने आईच्या फोनवर स्वतः वाचला. सरांनी मुलांना गुडघ्यावर बसवले, असेही गटावर फिरत होते. चौकशी केली तेव्हा तो प्रकार दुसऱ्याच तुकडीतला, दुसऱ्याच वर्षीचा आणि दुसऱ्याच शिक्षकांचा निघाला. खऱ्या तीन गोष्टींत अशी एक खोटी गोष्ट मिसळली, की शाळेला नेमकी तीच खोडून काढता येते आणि बाकीच्या तिन्ही तिच्याबरोबर वाहून जातात. पालकांनी शाळेकडे जाण्याआधी आपापसात बोलू नये असे मी म्हणणार नाही, पण ते बोलणे फोनवर किंवा शाळेच्या फाटकाबाहेर दोघातिघांत व्हावे आणि त्यात मुलांची नावे लिखित स्वरूपात फिरू नयेत.

मुलांकडून माहिती कशी घ्यावी, हा भाग मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत अवघड वाटला. "सर तुम्हाला ढ म्हणतात का रे?" असे विचारले की दहातली आठ मुले हो म्हणतात, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचे आहे हे त्यांना कळते. त्याऐवजी "आज गणिताच्या तासाला काय काय झालं?" असे विचारून गप्प बसणे, मूल जे शब्द वापरेल तेच शब्द त्याच दिवशी तारीख घालून वहीत उतरवणे, आणि त्याने सांगितले नाही ते आपण भरून न काढणे, एवढे केले तरी पुष्कळ होते. आम्ही तिघा पालकांनी आपापल्या घरी असेच विचारले आणि नंतर वह्या जुळवून पाहिल्या. ज्या गोष्टी तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे आल्या होत्या, त्याच अर्जात घेतल्या. सर एका मुलीची वही फेकतात असे एकाच घरी सांगितले गेले होते; ते आम्ही सोडून दिले नाही, पण "एका विद्यार्थ्याने असे सांगितले आहे, कृपया खात्री करावी" अशा शब्दांत वेगळे लिहिले. मुख्याध्यापिकांनी पुढे बोलताना या वाक्याचा आवर्जून उल्लेख केला, आणि माझा अंदाज असा, की त्या एका वाक्यामुळे उरलेल्या अर्जावर त्यांचा विश्वास बसला.

आता शाळेकडे वळतो. कायम शिक्षकाबाबत काही खटकले तर प्रथम त्यांच्याशीच बोलावे, हा रिवाज योग्य आहे. बहुतेक गोष्टी तिथेच मिटतात आणि त्या शिक्षकालाही आपल्या पाठीमागे काही झाले असे वाटत नाही. बदली शिक्षकाच्या बाबतीत मात्र हा रस्ता पालकांना सापडतच नाही. पालक सभेत त्यांची ओळख करून दिलेली नसते, डायरीत त्यांचा फोन नंबर नसतो, त्यांचे तास संपले की ते दुसऱ्या शाळेच्या किंवा क्लासच्या तासाला निघून गेलेले असतात, आणि शिक्षक कक्षात त्यांना हक्काची खुर्चीही असेलच असे नाही. आम्ही कार्यालयात विचारले तेव्हा लिपिकांनी पर्यवेक्षिकांना भेटायला सांगितले आणि त्यांनी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत बसवून घेतले. ही या व्यवस्थेची सर्वांत चांगली बाजू. "अर्ज द्या, बघू" असे न म्हणता त्यांनी आधी सगळे ऐकले, मध्ये एकदाही "पण आजकालची मुलं" अशी सुरुवात केली नाही, आणि सरांना न सांगता आपण पुढे काही करणार नाही हेही स्पष्ट केले. सरांशी आधी बोलायची पालकांची तयारी आहे का, हे त्यांनी विचारले. फौंड्रीवरून बोलणी खाणाऱ्या त्या मुलाच्या आईची तयारी नव्हती, आणि त्यांनी आग्रह धरला नाही.

भेटीच्या वेळा ही मात्र मोठी अडचण ठरली. पालकांनी भेटायचे ते मधल्या सुट्टीत किंवा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, असा फलक कार्यालयाबाहेर आहे. ज्या वडिलांच्या मुलाला ते वाक्य ऐकावे लागले, ते फौंड्रीत पाळीने काम करतात; पहिली पाळी असली की मधली सुट्टी गेली, आणि शनिवारी तिथे सुट्टी नसते. त्यांना बैठकीसाठी अर्ध्या दिवसाचा पगार सोडून यावे लागले. नोकरदार आणि दुकानदार पालकांना सोयीची आणि पाळीवर जाणाऱ्या पालकाला गैरसोयीची अशी ही वेळ ज्यांनी ठरवली त्यांच्या मनात काही वाईट नसेल, पण परिणाम असा होतो, की ज्यांना बोलायची सर्वांत जास्त गरज असते त्यांच्या वतीने कायम दुसरेच कुणीतरी बोलते. महिन्यातून एक संध्याकाळ जरी ठेवली तरी हे सुधारेल. सूचना मी लेखी दिली आहे.

अर्ज एका पानाचा होता. मुख्याध्यापिकांच्या नावे, विषय एका ओळीत, त्याखाली तारखा, तास आणि सरांचे शब्द जसेच्या तसे. त्यानंतर त्याचा मुलावर दिसणारा परिणाम, म्हणजे गणित असलेल्या दिवशी सकाळी पोट दुखते म्हणणे आणि वडिलांचा डबा पोहोचवायला जायला नकार देणे. आणि शेवटी आमचे म्हणणे काय आहे ते. "उद्धट", "विकृत", "लायकी नसलेले" असले एकही विशेषण त्यात घातले नाही. तिसऱ्या पालकांनी पहिल्या मसुद्यात अशी बरीच विशेषणे घातली होती आणि ती काढताना त्यांना वाईटही वाटले, पण "सर मुलांचा अपमान करतात" या वाक्यावर शाळा वाद घालू शकते, "अमुक तारखेला तिसऱ्या तासाला सर असे म्हणाले" या वाक्यावर तिला चौकशीच करावी लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. लिपिक थोडे कुरकुरले, "मॅडमना द्या की थेट, शिक्का कशाला" असे म्हणाले, पण दिला. ही पोच घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे अजून मानले जाते. वीज बिलाची पावती घेताना मात्र कुणालाच तसे वाटत नाही.

यानंतर जे झाले त्यासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले. मुख्याध्यापिकांनी अर्ज वाचला, मान हलवली आणि म्हणाल्या, "काळजी करू नका, सोमवारपासून त्यांना बंद करते. दुसरे बघू." त्यांच्या दृष्टीने पालकांना याहून जलद समाधान कोण देणार? तासिकेवरचा शिक्षक, त्याला ना नोटीस ना चौकशी. तोंडी आला, तोंडी गेला. आमच्यापैकी एक पालक तर "बरं झालं" म्हणून उठायच्या बेतात होते. त्याच वेळी मुलाच्या वडिलांनी विचारले, "मॅडम, सरांना विचारलंय का तुम्ही?" विचारलेले नव्हते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या शिक्षकावर कारवाईची तरतूद आहे, आणि त्याच कलमात कारवाईपूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी असेही लिहिले आहे. पण कायद्याचे बाजूला ठेवू. न विचारता शिक्षक काढून टाकण्याने पालकांचे नुकसानच होते, असे मला वाटते. नवे येणारे शिक्षकही तासिकेवरच येणार, त्यांनाही कुणी काही सांगणार नाही, आणि वर्गाला एवढेच कळणार, की एका मुलाच्या घरच्यांनी तक्रार केली आणि गणित चांगले शिकवणारे सर गेले. त्या मुलाला वर्गात कोणत्या नजरा झेलाव्या लागल्या असत्या याची कल्पना करता येते. शिवाय आपल्या तक्रारीने कुणाची तरी रोजी जाते हे एकदा पसरले, की पुढच्या वेळी खरोखर गंभीर काही घडले तरी सज्जन पालक तोंड उघडत नाहीत. आम्ही मुख्याध्यापिकांना सांगितले, की सरांना काढावे ही आमची मागणीच नाही. गुणांप्रमाणे बसवणे आणि नावे ठेवणे बंद व्हावे, मुलाशी कुणीतरी नीट बोलावे, आणि पुढचे काही आठवडे वर्गावर लक्ष राहावे, एवढीच आहे. त्यांना आश्चर्य वाटले. बहुधा आजवर कुणी तसे म्हटले नसावे.

सरांना बोलावले तेव्हा पालकांपैकी फक्त वडील हजर राहतील असे ठरले, म्हणून पुढचे त्यांच्याकडून ऐकलेले आहे. सर आधी अडखळले, मग म्हणाले, "आमच्या वेळी गुणानुक्रमेच बसवायचे. मला इथं कुणी काय चालतं, काय चालत नाही ते सांगितलंच नाही." हे खरे निघाले. त्यांना वेळापत्रक आणि पाठ्यपुस्तक दिले होते. वर्गशिक्षिकांची टाचण वही कपाटात होती आणि किल्ली त्यांच्याच घरी होती. साठेक मुलांचा वर्ग, त्यातल्या कुणाला ऐकायला कमी येते, कोण नुकते वडिलांच्या बदलीमुळे कन्नड शाळेतून आले आहे, कुणाची आई आजारी आहे, यातले काहीही सांगितलेले नव्हते. फौंड्रीच्या वाक्याला मात्र ही सबब लागू पडत नव्हती, आणि वडिलांनी ते त्यांना सांगितलेही. सरांनी माफी मागितली. सगळ्या वर्गासमोरही मागतो, असे ते म्हणाले, तर वडिलांनी नको म्हटले, कारण त्याने मुलगा पुन्हा एकदा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असता. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, आणि तो ना शाळेला सुचला होता ना आम्हा बाकीच्या पालकांना.

चौकशी म्हणून शाळेने जे केले ते असे : पर्यवेक्षिका काही दिवस वेगवेगळ्या तासांना वर्गात मागे जाऊन बसल्या, बाके पूर्ववत करण्यात आली, गुण ज्याचे त्याला वहीत देणे सुरू झाले, आणि पुढच्या चाचणीचे त्या तीन मुलांचे पेपर पर्यवेक्षिकांनी स्वतः पुन्हा पाहिले. शेवटची गोष्ट आम्ही मागितली नव्हती. तक्रार केली तर मुलाला गुणांत त्रास होईल, ही भीती प्रत्येक घरात असते आणि तीच बहुतेक तक्रारी घरातच मारून टाकते. शाळेने न सांगता ती ओळखली, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक. वही फेकण्याच्या गोष्टीचे काय झाले, हे मात्र आम्हाला शेवटपर्यंत सांगितले गेले नाही, आणि म्हणूनच चौकशीचा दीड गुण मी कापला आहे.

लेखी उत्तर मिळाले नाही. विचारायला गेलो तर लिपिकांनी रजिस्टर उघडून "निकाली" असा शेरा दाखवला. कशाच्या आधारे निकाली, कुणी काय पाहिले, पुढे काय करायचे ठरले, यातले एक अक्षरही कागदावर नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मिटलंय ना आता? मग कागद कशाला वाढवायचे." त्यांच्या बोलण्यात वाकडे काही नव्हते, पण पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार आहेत, पर्यवेक्षिकांची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाखेत होऊ शकते, आणि मग या सगळ्यातून शाळा जे शिकली ते कुठेच उरणार नाही. दोन परिच्छेदांचे उत्तर लिहायला अर्धा तास लागला असता.

तक्रार पेटीबद्दलही दोन शब्द. ती आहे, नवी आहे, कुलूपबंद आहे, आणि मुख्याध्यापिकांच्या दालनाच्या दाराशेजारी, सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लावलेली आहे. सहावीतले कोणते मूल तिथे चिठ्ठी टाकायला जाईल, हे ज्याने जागा निवडली त्यालाच ठाऊक. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, तक्रार पेटी आणि सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) यांविषयी शाळांना पुन्हा एकदा बजावले, त्यानंतर ही पेटी आली असावी. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या बोळात ती हलवावी, असे मुलांचेच म्हणणे आहे.

याच संदर्भात एक गोष्ट फार स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. वर जी पायरी-पायरीची पद्धत सांगितली, ती बोलण्या-वागण्याच्या तक्रारींसाठी आहे. मुलाला नको तसा स्पर्श, अश्लील बोलणे, फोटो काढणे किंवा एकांतात बोलावणे असे काहीही कानावर आले, तर पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग संस्था असा क्रम पाळत बसू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे किंवा घडू शकेल असे समजणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला, विशेषतः संस्थेच्या प्रमुखाला, शिक्षा होऊ शकते. "आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो" असे म्हणण्याचा अधिकार शाळेला नाही. अशा वेळी १०९८ या चाइल्डलाईनच्या क्रमांकावर किंवा ११२ वर थेट फोन करता येतो. मुलाला वारंवार प्रश्न विचारून त्याच्याकडून सगळे वदवून घेण्याचे काम पालकांनी अंगावर घेऊ नये, आणि त्याची ओळख उघड होईल असे काही गटावर टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

साध्या तक्रारीतही शाळेने दाद दिलीच नाही तर वर जाता येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. माध्यमिक शाळेबाबत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनाही प्रत देता येते. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना प्रती पाठवण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे तिच्याविषयी मला फारसा आदर नाही. खालच्याला सुधारण्याची संधीच न देता वरच्याकडे गेलेला कागद बहुधा "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा घेऊन पुन्हा त्याच शाळेत येतो.

मधला एक टप्पा मात्र आपण सगळेच विसरतो, तो म्हणजे पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळांत तो बंधनकारक केला असून त्याच्या कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांतून सोडत काढून निवडायचे असतात. कायदा शुल्कासाठी असल्यामुळे ही समिती फीपुरतीच, असा समज पसरला आहे. आमच्या शाळेत समितीची यादी सूचना फलकावर होती, पण तिच्यावर क्रीडा महोत्सवाचे पत्रक डकवलेले होते. ते बाजूला केल्यावर कळले, की सहावीच्या पालक प्रतिनिधी आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना आपण प्रतिनिधी आहोत हे माहीत होते. त्याचे करायचे काय, हे कुणी सांगितले नव्हते. शेवटच्या बैठकीला त्या आल्या आणि रजेवर जाणाऱ्या प्रत्येक वर्गशिक्षकाने बदली शिक्षकासाठी एक पान लिहून ठेवावे, ही सूचना त्यांनीच मांडली : वर्गाची माहिती, कोणत्या मुलाला कशाची गरज आहे, शाळेत कोणती शिक्षा चालत नाही, आणि अडचण आली तर कुणाला विचारायचे. ती मान्य झाली.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. त्या काळापासून मूल शाळेत सोडणे ही इथल्या घरांची सवय झाली आहे. सोडल्यानंतर आत जाऊन काही विचारायला मात्र आजही पालक बिचकतो, विशेषतः ज्याच्या घरातली पहिली पिढी सहावीच्या पुढे जात आहे तो पालक. शिरोलीच्या त्या गृहस्थांना कार्यालयात बसायला खुर्ची दिली गेली आणि त्यांना "दादा" न म्हणता नावापुढे "राव" लावून बोलावले गेले, हे लहानसे वाटेल. त्यांनी घरी जाऊन बायकोला प्रथम सांगितले ते हेच.

सर अजून शिकवत आहेत. मुलाचे गणित सुधारले का, असे लोक विचारतात. थोडे सुधारले, फार नाही, आणि त्याचा या प्रकरणाशी संबंध जोडावा असे मला वाटत नाही. ते एक पान लिहिण्याची पद्धत या सत्रात दोन वर्गांनी पाळली आणि आठवीच्या एका वर्गाने पाळली नाही. या शाळेत प्रवेश घ्यावा का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हो आहे. मात्र प्रवेशाचा फॉर्म घेताना पालक-शिक्षक संघाची चालू वर्षाची यादी दाखवायला सांगा, वर्गशिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या तर वर्ग कुणाकडे जातो आणि त्यांना काय सांगितले जाते ते विचारा, आणि अर्जाची पोच देतात का, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्या.